कपाळावरचा नाम्लो

मस्तगडातल्या आमच्या घराची आणि दिदीच्या घराची मधली भिंत एकच होती, आणि त्या भिंतीच्या पोटात काही म्हणजे काही राहत नसे. मायनं आबांना सुनावलेलं तिकडे ऐकू जायचं, आणि तिकडे भाजलेले टमाटे, लसूण आणि मिरच्या पाट्यावर वाटायला घेतल्या की इकडे आम्हाला ठसका लागायचा. वाटण झालं की दिदी मोठ्यानं वाचायला लागायची. देवाचं काही वाचत असेल असं गल्लीला सुरुवातीला वाटलं. पण देवाचं वाचणारी माणसं मध्येच थांबून 'वा!' म्हणत नाहीत, एकच ओळ पुन्हा पुन्हा म्हणून पाहत नाहीत, आणि नवऱ्याला न्हाणीतून ओल्या अंगानं बोलावून 'हे आधी ऐका' असंही करत नाहीत. ती कविता वाचत असायची, नेपाळीतल्या. कविता मनात वाचणं म्हणजे जेवण नुसतं हुंगून उठणं, असं तिचं म्हणणं होतं. मी आज सत्तरीच्या उंबऱ्यावर आहे, पण वर्तमानपत्रातली कवितासुद्धा मोठ्यानं वाचते आणि सुनेला वाटतं, मी तिलाच काहीतरी सांगते आहे.

तिचं नाव पवित्रा. शिकलेली बनारसला, नवरा रेल्वेत, म्हणून बदलीच्या वाऱ्याबरोबर जालन्याला आलेली. मुलींच्या शाळेत ती हिंदी शिकवायची. नवऱ्याला आम्ही भिनाजू म्हणत असू. थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला त्यांच्यात तसं म्हणतात हे तिनंच शिकवलं होतं. भिनाजू अबोल, रोज कडक इस्त्रीचे कपडे घालणारे, आणि बायकोच्या उद्योगांना घाबरून असणारे गृहस्थ होते. त्यांच्या घाबरण्यात माया होती हे मात्र पुढं कळलं.

ती नेपाळची आहे हे कळल्याबरोबर मायनं जे केलं ते आमच्या वस्तीतल्या बायकांनीच करावं. आमच्या घरात धम्म येऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. आबा प्राथमिक शाळेत मास्तर, भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली रोज संध्याकाळी वंदना. आणि बुद्ध जन्मला कुठं? तर नेपाळात. "आगं, बुद्धाच्या गावाकडची बाई आपल्या भिंतीला भिंत लावून ऱ्हाती आन् आपण तिला नुस्तं विरजण मागून राह्यलो!" माय कपाळावर हात मारून म्हणाली. आबांनी एवढंच म्हटलं की आधी विचारून तरी घ्या. पण मास्तरांचं शाळेत ऐकतात, घरात नाही. पौर्णिमेला चार बायका पांढरी लुगडी नेसून तिच्या दारात गेल्या आणि तिला मानानं विहारात घेऊन आल्या. विहार म्हणजे पत्र्याची एक खोली. तिला पुढं बसवलं, फुलं हातात दिली आणि वंदना सांगायची विनंती केली. दिदीनं सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि मोडक्या मराठीत म्हणाली, "मी बाहुन आहे. म्हणजे ब्राह्मण. माझे बाबा पुरोहित. मला हे नाही येत. पण तुम्ही म्हणा, मी मागे मागे म्हणते." बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. मग मागून एका म्हातारीला हसू फुटलं आणि तिच्या पाठोपाठ सगळी खोली हसत सुटली. त्यांनी म्हटलं आणि दिदीनं मागून म्हटलं, आणि उच्चार आमच्यापेक्षा शुद्ध केले, याचा मायला उलटा रागच आला.

घरी येताना माय धुसफुसत होती. "बुद्धाच्या मुलखातून आणली आन् बामनीन निघाली!" पण घरात आल्यावर तिनं एक गोष्ट केली, जी आमच्या घरातली प्रत्येक बाई नव्या माणसाला ओळखून घेण्यासाठी करत आली होती. माठातलं पाणी पेल्यात घेऊन तिनं तो दिदीच्या हातात दिला आणि बघत समोर उभी राहिली. दिदीनं पेला तोंडाला लावला, एका दमात रिकामा केला आणि "अजून" म्हणून पुढं केला. मायचा चेहरा सैल झालेला मी पाहिला. दिदीलाही ते कळलं असावं, कारण पेला ठेवता ठेवता ती म्हणाली, "बनारसला, होस्टेलमध्ये, सुटलं हे सगळं. पण तिथं मला ओळखत कोण होतं? परक्यांत सोडणं सोपं असतं, ताई. आपल्या माणसांसमोर सोडायची पाळी आली, की कळेल मी किती पाण्यात आहे." त्या वेळी मला वाटलं, ही बाई जरा जास्तच विचार करते.

तिचा खरा उद्योग हळूहळू उघड झाला. जिल्ह्यात नेपाळी माणूस जिथं म्हणून होता, तिथं तिचा तपास पोहोचलेला होता. जिनिंगच्या कारखान्यांचे पहारेकरी, अडत दुकानांचे राखणदार, राजूरला गणपतीच्या देवळाजवळ भजी तळणारा एक जण, आणि या सगळ्यांचे वडीलधारे म्हणजे स्टेशनजवळच्या हॉटेलातले स्वयंपाकी पंडित बाजे. बाजे म्हणजे आजोबा. जानवं, शेंडी, सोवळं असे ते सगळे जपून होते, आणि हॉटेलच्या मागच्या ओसरीत नेपाळी पोरांना भात-डाळ वाढताना त्यांचा हात कधी आखडला नव्हता. नोकरी हवी, गावी निरोप धाडायचा, ताप आला, तर बाजे. दिदीनं या माणसांना एकच प्रश्न विचारायला सुरुवात केली, की तुमच्यात लिहितं कोण? पोरं आधी लाजली. मग कुणी एका गाण्याचं कडवं आणलं, कुणी आईवर लिहिलेलं चार ओळींचं काही, एकानं तर अख्खं नाटक आणलं, ज्यात राजासुद्धा जिनिंगच्या शेठसारखा बोलत होता. दिदी ते सगळं भिंतीपलीकडे मोठ्यानं वाचायची आणि मी इकडे भाकरी थापताना ऐकायची. नेपाळी मला अशी भिंतीतून झिरपत आली. लिपी आपलीच, अर्धे शब्द ओळखीचे, उरलेले विचारायचे.

एकदा मी तिच्याबरोबर गावातल्या वाचनालयात गेले. तिला नेपाळी लेखनासाठी कपाटातली एक फळी हवी होती आणि एका रविवारी दुपारी सभागृह हवं होतं. तिथले चिटणीस भले होते. पण ते हसून म्हणाले, "गुरखे कविता करतात म्हणता?" दिदीही हसली. "ते रात्री शिट्टी वाजवतात तेव्हा तुम्ही झोपता, साहेब. दिवसा ते काय करतात, हे बघायला तुम्ही घरी नसता. एकदा ऐकून तर घ्या. नाही आवडलं तर मी फळी परत करते." तिच्या बोलण्यात विनवणी नव्हती, जणू तीच त्यांना काही देऊ करत होती. माझं तर तिथंच ठरलं की आपल्याला असं बोलता आलं पाहिजे. फळी मिळाली, रविवारही मिळाला, आणि चिटणीसांची एक अट आली की ऐकणाऱ्यांना कळेल असं मराठी सोबत हवं. त्या एका वाक्यानं मी कॉलेजातली पोरगी एकदम भाषांतरकार झाले.

पुस्तिका छापायची ठरली. मस्तगडातल्या छापखान्यात लग्नपत्रिका आणि बाजाराच्या पावत्या छापत. मालकाला आधी वाटलं, नेपाळी म्हणजे चिनीसारखं काही असेल, छपाईचे खिळे कुठून आणायचे. दिदीनं कागद समोर धरला तसा तो म्हणाला, "आरे, ही तर आपलीच अक्षरं! हो जाएगा, बिलकुल हो जाएगा." पण दुसऱ्याच दिवशी निरोप आला, चंद्रबिंदू संपले. आमच्या लग्नपत्रिकांना ते फारसे लागत नाहीत, आणि नेपाळीला मात्र ओळीओळीला लागतात. मग एक पान जुळवायचं, छापायचं, खिळे सोडवायचे आणि त्याच चंद्रबिंदूंवर पुढचं पान उभं करायचं, असं चाललं. दिदी शाळा सुटली की तिथं जाऊन बसायची, शाईनं बोटं काळी करून घ्यायची, आणि आल्यावर माय तिला राखेनं हात घासायला लावायची.

यातच परतूरची फेरी झाली. तिथल्या एका जिनिंगमध्ये टेकबहादूर नावाचा पहारेकरी काही लिहितो असं राजूरच्या भजीवाल्यानं सांगितलं होतं. भिनाजूंनी आम्हा दोघींना सकाळच्या गाडीत बसवलं. पावसाळ्याचे दिवस, कारखाना बंद, आवारात गवत माजलेलं, आणि पत्र्याच्या मोठ्या गोदामाच्या दाराशी एक माणूस खुर्ची टाकून बसलेला. पन्नाशीचा असावा. आम्हाला पाहून त्यानं टोपी काढली, तेव्हा कपाळावर आडवा एक पट्टा दिसला, कातडी घासून घासून गुळगुळीत झालेली. त्यानं स्टोव्हवर चहा ठेवला आणि दिदीनं म्हटल्यावर उभं राहून एक कविता म्हटली. हिमालय, बर्फ, गुराखी, बासरी. दिदीनं शांतपणे ऐकलं. मग थोरल्या भावाला म्हणतात तसं म्हणाली, "दाइ, छान आहे. पण डोंगरावर सगळेच लिहितात. तुमच्या घरावर लिहिलंय काही?"

तो बराच वेळ चहा गाळत बसला. गाळून झाला तरी गाळणी हातातच होती. मग आमच्याकडे न बघता, गोदामाच्या दाराकडे तोंड करून तो म्हणायला लागला, आणि सगळे शब्द कळत नसतानाही मी पुढं सरकून ऐकू लागले. पुढं मी केलेलं त्याचं मराठी असं होतं:

बापानं माझ्या घडवल्या
गावाच्या सगळ्या विळ्या.
गावानं त्याला पाणी दिलं
वरून, हात लांब ठेवून.
दसैंला गावभर कपाळं लाल.
बापाच्या कपाळाला कुणी बोट लावलं नाही,
त्याच्या कपाळावर एकच खूण,
नाम्लोचा वळ.

दसैं म्हणजे त्यांचा दसरा. त्या दिवशी घरातला वडीलधारा माणूस दही, तांदूळ आणि लाल रंग कालवून प्रत्येकाच्या कपाळावर टीका लावतो आणि आशीर्वाद देतो. विळ्या, कोयते घडवणारी त्यांच्यातली जात म्हणजे कामी, आणि तिच्या हातचं पाणी वरच्यांना चालत नाही. हे मला दिदीनं परतीच्या गाडीत सांगितलं. पण तिथं गोदामाच्या दारात बोलला तो टेकबहादूरच, अर्धं हिंदी, अर्धं इथलं. "दिदी, इधर सब बहादूर. शेठ एक को भी नाम से न्हाई पहचानता. बाकी लोग को इसका दुख होता. मेरे को इसीच बात का आराम हुआ." तिथले पहारेकरी एका खोलीत, एका चुलीवर जेवत. त्यांना त्याची जात ठाऊक नव्हती. बाजेंच्या ओसरीतही तो पंगतीला बसून जेवलेला होता. त्यानं हात जोडले. "छापो. लेकिन मेरा नाम मत डालो." दिदी म्हणाली, "नाव तुमचं आहे. तुम्ही सांगाल तेवढंच छापीन. पण ही कविता मी गाळणार नाही, दाइ." ठरलं ते असं, की नुसतं 'टेकबहादूर, परतूर' छापायचं. बहादूर तर सगळेच होते.

भाषांतरात मी 'नाम्लो'पाशी अडले. माय चुलीपाशी बसून ऐकत होती. ती म्हणाली, "त्यात काय, चुंबळ लिव्ह. डोक्यावर वझं घ्यायचं म्हंजी चुंबळच." दिदीनं मान हलवली. तिनं आमच्या खाटेची नवार ओढून घेतली, पीठ भरलेला डबा तिच्यात बांधून पाठीवर टाकला आणि पट्टा कपाळावर घेऊन वाकून उभी राहिली. चुंबळीवर ओझं घेतलं की मान ताठ राहते, माणूस समोर बघतो. नाम्लोनं ओझं घेतलं की कपाळ खाली ओढलं जातं आणि माणसाला फक्त स्वतःची पावलं दिसतात. मायनं तिच्याकडे पाहिलं, उठून डबा खाली उतरवला आणि म्हणाली, "मंग ऱ्हाऊ दे तसंच. त्यांचा वळ हाय, त्यांच्याच नावानं ऱ्हाऊ दे." त्या रात्री जेवताना तिनं आबांना सगळी कविता तोंडपाठ म्हणून दाखवली. वरून, हात लांब ठेवून, या ओळीवर आबा जेवायचे थांबले. त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी भिंतीतून भिनाजू ऐकू आले. इतकं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "ती कविता बाजेंच्या कानावर पडली आणि ते उठून गेले, तर त्यांच्या मागं सगळी पोरं जातील. तू जमवलेलं हे सगळं मोडेल. मग उरणार कोण?" दिदी म्हणाली, "कविता उरेल." भिनाजू म्हणाले, "कविता दसैंला टीका लावून घ्यायला येत नाही, पवित्रा." खरं होतं ते. दर दसैंला हे सगळे घर सोडून आलेले लोक तिच्या घरी जमत, बाजे चटईवर बसून एकेकाला टीका लावत, आणि पोरं मिठाई खाऊन आणि रडून जात. तेवढा एक दिवस त्यांना माहेर असे. थोड्या वेळानं दिदीचं मोठ्यानं वाचणं ऐकू आलं, तीच कविता.

रविवारी सभागृह भरलं. पुढच्या रांगेत बाजे, धुतलेलं धोतर, कोट, आणि पायाशी सेलरोट्यांची टोपली. तांदळाच्या पिठाची, कड्यासारखी गोल तळलेली ती गोड पोळी त्यांनी पहाटे उठून खास या दिवसासाठी तळली होती. मागं पोरं, खाकीत आणि उसन्या शर्टांत. दुसऱ्या बाजूला गावातली मराठी माणसं, चिटणीस, काही प्राध्यापक, आणि शेवटच्या बाकावर माय आणि वस्तीतल्या बायका. दिदीनं प्रत्येक लेखकाला असं पुढं बोलावलं की जणू गावाला त्यांची ओळख आधीपासूनच आहे आणि आज फक्त आवाज ऐकायचा आहे. नाटकातल्या राजाला हशा मिळाला. आईवरच्या चार ओळींना एका प्राध्यापकानं चष्मा पुसला. चिटणीस माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "पोरी, आपण यांना इतकी वर्षं बहादूर म्हणून हाका मारतोय गं." त्या दुपारी दिदीकडे बघताना मला जो अभिमान वाटत होता तो आजही तसाच वाटतो. नातीनं परवा मोबाइलवर कुठल्याशा परदेशात भरलेलं नेपाळी लेखकांचं संमेलन दाखवलं, झगझगीत पडदा आणि हार-तुरे, तर माझ्या डोळ्यांसमोर वाचनालयाचे ते डुगडुगते बाक उभे राहिले.

मग टेकबहादूर आला. टोपी काढून हातात धरली. दिदीनं फक्त "टेकबहादूर, परतूर" एवढंच म्हटलं आणि बाजूला झाली. त्याला डोंगराचीही कविता पाठ होती. कुठली म्हणायची हे तिनं त्याच्यावर सोडलं होतं, आणि मला दोन्हींचं मराठी हातात ठेवायला सांगितलं होतं. तो क्षणभर खिडकीकडे बघत राहिला आणि बापाची म्हणू लागला. संपली तेव्हा टाळ्या मराठी बाजूनं झाल्या. नेपाळी बाजू गप्प होती. बाजेंनी मान वर केली आणि त्यांच्या भाषेत दोनच शब्द विचारले, "कसको बाबु?" कुणाचा बाप. अजून वाट होती. कुणाचाही, गावातला एक, मनातला एक, असं त्याला म्हणता आलं असतं. टेकबहादूर म्हणाला, "मेरो." माझा. आणि मग, कुणी विचारलं नसताना, आपलं पूर्ण नाव त्यानं खणखणीत सांगितलं, टेकबहादूर विश्वकर्मा. त्या आडनावाचा अर्थ मराठी बाजूला कळला नाही. तिकडच्या बाजूला लगेच कळला, की हा कामी.

बाजे उठले. धोतराचा सोगा आवरून घेतला, टोपली तिथंच ठेवली आणि निघाले. त्यांच्या मागं एक उठला, मग बाकीचे, आणि बघता बघता त्या बाजूचे बहुतेक बाक मोकळे झाले. चिटणीस गोंधळून विचारत होते की काय झालं, चहा यायचा आहे अजून. शेवटच्या बाकावरून मायचा आवाज आला, मोठा नाही पण सगळ्यांना ऐकू गेलेला. "सोगा आवरून उठणं म्या लहानपणापासून वळखते." टेकबहादूर टोपी चुरगाळत उभा होता. दिदीची माणसं निघून गेली होती, तिच्या डोळ्यांसमोर. ती टोपलीपाशी गेली, एक सेलरोटी उचलली, मधोमध मोडली, अर्धी टेकबहादूरच्या हातात दिली आणि उरलेली अर्धी तिथंच उभ्यानं खाल्ली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "कुंदा, मराठीत वाच." मी वाचली. दिदी वाचायची तशी, मोठ्यानं.

नंतरचे दिवस वाईट गेले. बाजेंच्या ओसरीत दिदीचं नाव निघेनासं झालं. परतूरच्या खोलीतून टेकबहादूरला चूल वेगळी करावी लागली आणि तो गोदामाच्या दारातच स्टोव्हवर भात शिजवू लागला. भिनाजू सुटीच्या दिवशी काही न सांगता परतूरला जायचे आणि त्याच्याकडे जेवून यायचे. हे आम्हाला भिंतीनं नाही, खुद्द टेकबहादूरनं सांगितलं. दिदी मात्र पुस्तिकेच्या प्रती बांधून गावोगाव धाडत होती, जिथं जिथं नेपाळी माणूस पोट भरायला गेला आहे असं तिला ठाऊक होतं तिथं. प्रत्येक प्रतीत टेकबहादूरच्या नावापुढं तिनं स्वतःच्या हातानं, शाईनं, 'विश्वकर्मा' लिहिलं. त्यानंच तसं सांगितलं होतं. मी शेजारी बसून पत्ते चिकटवायची.

मग दसरा आला. आमच्या घरी तो धम्मदीक्षेचा दिवस. आम्ही सगळे पांढरे कपडे घालून सकाळीच विहारात जाऊन आलो होतो. येताना मायनं दिदीच्या दारात डोकावलं आणि मला खुणेनं थांबवलं. चटई अंथरलेली होती. ताटात दही-तांदूळ लाल करून ठेवले होते, शेजारी घटात उगवलेली जवाची पिवळी पाती. भिनाजू इस्त्रीच्या कपड्यांत, दिदी लाल साडीत, आणि घरात तिसरं कुणी नव्हतं. दिदी उगाचच तांदूळ बोटांनी सारखे करत होती. आम्हाला पाहून हसली, पण ते हसू चेहऱ्यावर टिकेना. माय उंबऱ्यातच बसली. म्हणाली, "आमच्यात टिळा न्हाई लावत, बाई. पण बसाया काय हरकत हाय." आणि आम्ही बसलो.

ऊन चढल्यावर टेकबहादूर आला. परतूरहून, पहिल्या गाडीनं, इस्त्रीच्या शर्टात. त्याच्या मागं अंग चोरून दोन पोरं होती, एक तो नाटकवाला आणि दुसरा आईवर लिहिणारा. तिघं अंगणात उभे राहिले. आत यावं की नाही, हे त्यांचं त्यांना ठरवता येत नव्हतं. दिदी उठली. टेकबहादूरला हाताला धरून तिनं आत आणलं आणि चटईवर बसवलं, बाजे बसत त्या जागेवर. तो ताडकन उठायला लागला. "दिदी, ये नको. ये मेरी जगह न्हाई." दिदी त्याच्यासमोर खाली बसली, पदर डोक्यावर घेतला आणि कपाळ पुढं केलं. "इथं वयानं मोठं कोण आहे, दाइ? तुम्हीच. मग लावा. मला उशीर होतोय." भिनाजूही येऊन तिच्या शेजारी बसले आणि त्यांनीही मान वाकवली.

त्याचा हात ताटाकडे गेला आणि मागं आला. पुन्हा गेला. शेवटी त्यानं चिमूट भरून दिदीच्या कपाळावर ठेवली आणि अंगठ्यानं दाबली, दाबून धरली, पडू नये म्हणून. कानामागं जवाची पाती खोचताना तो आशीर्वाद विसरला, मग आठवला, मग अर्धा म्हणून पुन्हा पहिल्यापासून म्हणाला. नंतर भिनाजू. मग अंगणातली दोन्ही पोरं आपणहून आत आली आणि वाकली. सगळ्यांची कपाळं लाल झाली. माय पदरानं नाक पुसत होती आणि मला म्हणत होती की मिरची वाटलीय वाटतं कुणीतरी.

मी पोरसवदाच होते. ताटात अजून टीका उरला होता आणि टेकबहादूरचं कपाळ कोरंच होतं, आडव्या वळाचं. मला राहवलं नाही. मी विचारलं, "आणि तुमच्या कपाळाला कोण लावणार?" दिदीनं चमकून माझ्याकडे पाहिलं. तो मात्र हसला. लाल झालेला अंगठा त्यानं आपल्या शर्टाला पुसला नाही, तसाच वर धरून ठेवला होता. "बाई," तो म्हणाला, "घर में जो सबसे बडा होता है ना, उसको कौन लगाएगा? वो तो कोरा ही बैठता है."